आत्महत्या म्हटलं की शेतकरी आणि विद्यार्थीच का आठवतात?

रानवाट
आमच्या शिक्षकांच्या ग्रूपवर परवा एक बातमी फिरली आणि दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, हल्लीची पोरं नाजूक, जरा कमी मार्क पडले की खचतात. दुसरा तट म्हणाला, कर्जमाफी द्या, सगळं थांबेल. मी एनसीआरबीचा, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाचा, २०२२ सालचा आत्महत्यांचा अहवाल उघडून बसले. देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात. राज्यांच्या यादीत आपण पहिले. व्यवसायानुसार पाहिलं तर रोजंदारीवर जगणारे २६.४ टक्के, गृहिणी १४.८ टक्के, विद्यार्थी ७.६ टक्के आणि शेतकरी व शेतमजूर मिळून ६.६ टक्के.

मग गवंड्याच्या हाताखालच्या माणसाबद्दल, घरातल्या बाईबद्दल कुणी का बोलत नाही? एवढा एकच प्रश्न आहे. आपापल्या भागात काय दिसतं ते लिहा. निव्वळ राजकारण नको.

धागा_राखणदार
विषय महत्त्वाचा आहे, धागा चालू ठेवतो. कुणी कसं जीवन संपवलं याचे तपशील, ठिकाण, चिठ्ठीतला मजकूर यांपैकी काहीही लिहू नये, दिसल्यास उडवलं जाईल. वाचताना कुणाला स्वतःला जड जात असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो.

आकडेमोड
चांगला धागा. फक्त एक सांगतो, वाटा आणि दर यांत गल्लत नको. रोजंदारीवरचे लोक संख्येनेच प्रचंड, त्यामुळे वाटा मोठा दिसणारच. लाखामागे किती हे पाहायला हवं. देशाचा दर २०२२मध्ये लाखामागे १२.४ होता. सिक्कीम ४३.१, केरळ २८.५ आणि बिहार ०.६.

टपरीवरचा
म्हणजे सुखी माणसाचा सदरा पाटण्यात मिळतो तर! बदलीचा अर्ज टाकतो.

आकडेमोड
@टपरीवरचा, सदरा नाही, कोरी वही मिळते. ०.६ हा आकडा नोंद न होण्याचा आहे. २०१२मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता. त्यात पोलिसांच्या नोंदीवर न थांबता घरोघरी जाऊन मृत्यूची कारणं विचारली होती. त्यावरून २०१०साठी काढलेला अंदाज १ लाख ८७ हजारांच्या आसपास होता आणि एनसीआरबीचा त्याच वर्षीचा आकडा १,३४,५९९. शिवाय केरळ-तमिळनाडूत दर जास्त दिसतो, त्यात नोंद नीट होण्याचा वाटा किती आणि खरोखरचं प्रमाण किती, हे वेगळं करणं सोपं नाही.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, प्रश्न चांगला हाय, पण ६.६ टक्के म्हणून शेतकऱ्याले बाजूले सारू नका. तो देशाचा आकडा हाय. त्या वर्षी देशात शेतीतल्या ११,२९० लोकायनं जीव देल्ला, त्यातले ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातले. आता ४,२४८ले २२,७४६नं भागा. १९ टक्क्यांच्या जवळ जाते. म्हणजे आपल्याकडं दर पाचांतला एक. यवतमाळ, अमरावती, बुलढाण्यात बसून पाहाल तर आठवण कोणाची येईल?

अन् एक गोष्ट. ज्याच्या नावावर सातबारा नाही तो कागदावर शेतकरी नाही. दुसऱ्याचं वावर ठोक्यानं, म्हणजे भाड्यानं करणारा कशात धरला? बाई जन्मभर निंदण-खुरपण करते, सातबारा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. ते गेली तर 'गृहिणी'. तुमच्या दोन खान्यायतली भिंत लय पातळ हाय.

रानवाट
@वऱ्हाडी_ठेचा, भागाकार मी केला नव्हता, बरं झालं दाखवलंत. सातबाऱ्याचा मुद्दा तर फारच खरा. मग 'पात्र-अपात्र'चंही सांगा ना, इथल्या शहरी मंडळींना ते माहीत नसतं.

वऱ्हाडी_ठेचा
शेतकरी गेल्यावर तहसीलवाले कागद गोळा करतात. सातबारा नावावर पाह्यजे, बँकेचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं कर्ज पाह्यजे, ते थकलेलं पाह्यजे, वसुलीचा तगादा पाह्यजे. मग कलेक्टरची कमिटी ठरवते पात्र का अपात्र. पात्र असला तर घरच्यायले सरकारची एक लाखाची मदत, त्यातले ३० हजार हातात अन् ७० हजार बँकेत नाहीतर पोस्टात ठेव म्हणून. २००६पासून रक्कम तेवढीच. आता सांगा, कृषी केंद्राची उधारी, सोयऱ्याकडून घेतलेले हातउसने, पोरीच्या लग्नाचं देणं, याचा कागद कुठून आणावा? ते सगळे अपात्र. तेरवीच्या आधी बाई झेरॉक्सच्या दुकानात उभी राहते.

पेन्शनीत_जमादार
पोलीस खात्यात नोकरी झाली, म्हणून 'कारण' हा खाना कसा भरतात ते सांगतो. खबर आली की अकस्मात मृत्यू दाखल होतो, आमच्या भाषेत ए.डी. पंचनामा, मग नातेवाइकांचे जबाब. घरात प्रेत आहे, बाया रडताहेत आणि आम्ही विचारतोय 'कशामुळं?' जो पुढं होऊन बोलतो त्याचं लिहिलं जातं. बहुतेक वेळा दोन वाक्यं ठरलेली, 'पोटाच्या दुखण्याला कंटाळून' नाहीतर 'घरगुती कारणावरून'. पहिल्याचं 'आजारपण' होतं, दुसऱ्याचं 'कौटुंबिक समस्या'. त्यामागं दारू होती, मार होता, संशय होता की खरंच पोट दुखत होतं, ते पुन्हा कुणी विचारत नाही. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आतली मुलगी असेल तर तहसीलदार येऊन पंचनामा करतात, जबाब बारकाईनं होतात. आठव्या वर्षापासून ती पुन्हा 'घरगुती कारण'.

अहवालात कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के आणि आजार १८.४ टक्के लिहिलंय ना? निम्मा अहवाल आमच्या या दोन वाक्यांवर उभा आहे.

चिपळूणकरीण
जमादारसाहेब, हे इतकं सरळ कुणी लिहीत नाही. धन्यवाद.

गृहिणींबद्दल मला बोलायचंय. २०२२मध्ये ४८,१७२ स्त्रिया गेल्या, त्यातल्या २५,३०९ गृहिणी. निम्म्याहून जास्त. पाश्चात्त्य देशांत लग्न झालेल्या माणसाला धोका कमी असतो असं शिकवतात, सोबत असते म्हणून. आपल्याकडे बायकांच्या बाबतीत लग्नाचं हे कवच फारसं दिसत नाही. लवकर लग्न, लवकर बाळंतपण, हातात पैसा नाही, माहेरी परत जायची सोय नाही. घरात मार असेल तर आणखीच. 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये २०१८ साली आलं होतं की २०१६मध्ये जगभरात आत्महत्येने गेलेल्या स्त्रियांपैकी ३६.६ टक्के भारतातल्या होत्या. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा याच्या निम्माच आहे.

आमच्या शेजारच्या वाडीत एक सून गेली तेव्हा सगळ्यांचं एकच पालुपद, 'काय कमी होतं तिला? स्लॅबचं घर, फ्रिज, दोन मुलगे.' त्या घरात तिला मोबाइल वापरायची परवानगी नव्हती, हे मात्र सगळ्यांना माहीत होतं.

खरं_बोलू_का
पण आकड्यांत पुरुष ७१.८ टक्के आहेत. त्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. पुरुषांनी काय करायचं?

चिपळूणकरीण
@खरं_बोलू_का, काढा ना अक्षर, अडवलंय कुणी? माझ्या प्रतिसादाला उत्तर म्हणून नको, स्वतंत्र लिहा. तो विषय मोठा आहे.

खरं_बोलू_का
बरं, लिहितो. माझा मोठा भाऊ. एमआयडीसीत कंत्राटावर होता, काम सुटलं. तो रोज सकाळी डबा घेऊन निघायचा आणि बसस्टँडवर बसायचा. घरी कुणाला माहीत नव्हतं, वहिनीलाही नाही. संध्याकाळी रिकामा डबा परत. उधारी वाढली, मग दारू. तो वाचला, कारण स्टँडवरच्या कंट्रोलरने त्याला ओळखलं आणि मला फोन केला. आज तो बरा आहे. पण 'नोकरी गेली' हे दोन शब्द त्याला सख्ख्या भावाशी बोलता आले नाहीत. आमच्या घरात बापाला रडताना आम्ही कधी पाहिलं नाही, तेच त्याने उचललं.

टपरीवरचा
@खरं_बोलू_का, या प्रतिसादावर विनोद करणार नाही. भावाला नमस्कार सांगा.

सातासमुद्रापार
मेलबर्नहून लिहितोय. इथेही साधारण चारांतले तीन पुरुषच. आणि मूळ रहिवाशांमध्ये म्हणजे ॲबोरिजिनल लोकांत दर इतरांच्या दुपटीहून जास्त आहे. जमीन गेली, मुलं सरकारने उचलून नेली, त्याचा परिणाम पिढ्यान् पिढ्या उतरतो. पैसा, डॉक्टर, विमा सगळं असलेल्या देशात ही गत आहे, त्यामुळे निव्वळ गरिबीने उत्तर मिळत नाही. निवृत्त आणि एकट्या पुरुषांसाठी इथे 'मेन्स शेड' असतात. तिथे सुतारकाम करायचं, सायकली दुरुस्त करायच्या. समोरासमोर बसून 'मन मोकळं कर' म्हटलं की पुरुष उठून जातात. हाताला काम दिलं की आपोआप बोलतात.

टपरीवरचा
आपल्याकडे त्याला पार म्हणतात. गावोगावी होता, आता त्यावर फ्लेक्स लागलेत.

आकडेमोड
अजून एक आकडा. २०२२च्या अहवालात गेलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत होतं. गरिबीने सगळं उत्तर मिळत नाही हे मान्य, पण आपल्या देशात गरिबी बाजूला ठेवूनही मिळणार नाही.

सिव्हिलची_सिस्टर
जिल्हा रुग्णालयात कॅज्युअल्टीला काम करते. इथल्या चर्चेत एक गट पूर्ण सुटलाय. आधी एकदा प्रयत्न करून वाचलेले. पुढच्या धोक्याची सगळ्यात मोठी खूण तीच असते, असं आम्हाला शिकवतात आणि रोज दिसतंही.

आमच्याकडे काय होतं ते सांगते. पेशंट येतो, एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद होते, पोट साफ, सलाइन, दोन-तीन दिवस वॉर्डात. नातेवाईक पहिल्यापासून म्हणत असतात, 'चुकून झालं, लिहू नका.' केस होईल ही भीती. खरं म्हणजे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५व्या कलमाने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं आणि शिक्षा करायची नाही. सरकारनेच त्याची काळजी घ्यायची. तो कायदा २०१८पासून लागू आहे. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलमही २०२४च्या जुलैत आयपीसीबरोबर गेलं. नव्या संहितेत सरकारी नोकरावर दबाव आणायला केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. पण वॉर्डात ही गोष्ट कुणाला माहीत नसते, कधी कधी स्टाफलाही नसते.

मग डिस्चार्ज. कार्डावर लिहितात 'मानसोपचार ओपीडीत दाखवा'. पेशंट त्या खोलीपर्यंत पोचतच नाही. सासू म्हणते, 'वेड्याच्या डॉक्टरकडं नेलं तर धाकटीचं लग्न कसं जमायचं?'

चेन्नईसह पाच देशांतल्या केंद्रांवर जागतिक आरोग्य संघटनेने एक साधा प्रयोग केला होता, निष्कर्ष २००८मध्ये आले. वाचलेल्या माणसाशी तासभर नीट बोलायचं आणि नंतर दीड वर्ष अधूनमधून फोन नाहीतर भेट. बस. ज्यांची अशी विचारपूस झाली त्यांच्यात नंतर आत्महत्येने झालेले मृत्यू ०.२ टक्के, ज्यांची नाही झाली त्यांच्यात २.२ टक्के. औषध नाही, मशीन नाही. आमच्याकडे फोन करायला माणूस नाही, ही अडचण.

मांडवीकाठ
सिस्टर, त्यावर गोव्यातलं सांगतो. इथे 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत गावातल्याच सामान्य लोकांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं. त्यांच्याकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती. तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा-आठ भेटी दिल्या आणि नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक पडला. अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला, तेही त्यांचंच काम. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, दीड वर्षात २७.२ टक्के झालं. देशात लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरता नाही, ०.७५ आहे. तज्ज्ञांची वाट बघत बसलो तर झालंच.

वऱ्हाडी_ठेचा
@मांडवीकाठ, 'विश्राम'चं बरोबर हाय, ऐकून हाओ. पण माह्यं भांडण जुनंच. कापसाले भाव नाही, पाऊस दगा देते, अन् सरकार म्हणते 'समुपदेशन घ्या'. शेतकऱ्याचं डोकं बिघडलं नाही, हिशोब बिघडला हाय.

सिव्हिलची_सिस्टर
@वऱ्हाडी_ठेचा, भाऊ, हिशोब बिघडला की झोप जाते. झोप गेली की जेवण जातं, माणूस बोलायचा थांबतो, दारू वाढते. तुमच्या गावात एकसारखंच कर्ज असलेली पन्नास घरं असतील. त्यातलं एकच का कोलमडतं? तिथे बाकीच्या गोष्टी येतात. बापाला नैराश्य होतं का, दारू किती, पाठीशी भाऊ उभा आहे का, दुखणं जुनं आहे का. भावही द्या, डॉक्टरही द्या. एकाच्या नावाखाली दुसरं काढून घेऊ नका.

वऱ्हाडी_ठेचा
हे पटते. फक्त क्रम उलटा नको.

आकडेमोड
कारणांच्या भांडणात एक उपाय मागे पडतो. श्रीलंकेत १९९५च्या सुमारास दर भयंकर होता. त्यांनी सगळ्यात विषारी शेती-औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि वीस वर्षांत दर साधारण ७० टक्क्यांनी खाली आला. पिकाचं उत्पन्न काही कोसळलं नाही. टोकाची वेळ बऱ्याचदा थोडी असते आणि तेवढ्यात घातक वस्तू हाताशी नसली तर माणूस वाचतो. वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुन्हा त्या वाटेला जात नाहीत.

खरं_बोलू_का
@आकडेमोड, सिस्टर म्हणाल्या प्रयत्न केलेल्यांना धोका जास्त आणि तुम्ही म्हणता बहुतेक जण पुन्हा जात नाहीत. काय खरं?

आकडेमोड
दोन्ही. इतरांशी तुलना केली तर त्यांचा धोका कितीतरी पट जास्त, पण त्या गटातलेही बरेचसे पुढे जगतातच. म्हणूनच फोन करत राहण्याला अर्थ आहे.

रानवाट
विद्यार्थ्यांवर कुणीच आलं नाही, म्हणून मीच येते. दहावीचा निकाल लागला की पहिल्या आठवड्यात आम्ही शिक्षक नापास मुलांच्या घरी फोन लावतो. पेढे वाटणाऱ्या घरात आमचं काही काम नसतं. तमिळनाडूने नापासांना महिन्याभरात पुन्हा परीक्षा द्यायची सोय केली, त्याचा उपयोग झाला. आपल्याकडे २०१५पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैत आली. आधी ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागायचं आणि वर्ष गेलंच म्हणून समजायचं. 'वर्ष वाया' या शब्दांचा धाक जरी कमी झाला तरी मूल सावरतं. आणि खरं सांगू, मला जास्त काळजी ७० टक्केवाल्यांची वाटते, ज्यांच्या घरात ९५ची अपेक्षा होती. नापास होणार हे घराला बहुधा आधीच ठाऊक असतं.

टपरीवरचा
अवांतर: मला दहावीला ४३ टक्के. बापाने चपलेने हाणला आणि संध्याकाळी स्वतःच भजी आणली. आज टपरी माझी आहे, ९२वाले उधारीवर चहा पितात.

चिपळूणकरीण
@टपरीवरचा, चपलेचं कौतुक नको हो. सगळ्यांच्या घरी संध्याकाळी भजी येत नाहीत.

नवीन_सभासद_२१
पहिल्यांदाच लिहितेय. माझे मेहुणे, म्हणजे बहिणीचे मिस्टर. दोन महिन्यांपासून बोलत नाहीत. दुकान बंद करायचं चाललंय. परवा त्यांनी एलआयसीचे कागद आणि बँकेची पासबुकं एका फाइलमध्ये लावून ताईला दिली, म्हणाले, 'सगळं इथं आहे.' ताईला वाटतंय ते आता शिस्तीला लागले. मला भीती वाटतेय. विचारलं तर उलट डोक्यात येईल का त्यांच्या?

सिव्हिलची_सिस्टर
ताई, बरं केलंत लिहिलंत. विचारल्याने कल्पना डोक्यात येत नाही, उलट बऱ्याच लोकांना हलकं वाटतं. सरळ विचारा, 'दाजी, जगणं नको असं वाटतंय का? जीव द्यायचा विचार मनात येतो का?' आडून नको. उत्तर 'हो' आलं तर घाबरून प्रवचन देऊ नका, पोरांची शपथ घालू नका. ऐका. आज रात्रीपासून त्यांना एकटं ठेवू नका, घरातल्या आणि दुकानातल्या धोक्याच्या वस्तू दुसरीकडे हलवा. उद्या सकाळी स्वतः सोबत घेऊन मानसोपचार ओपीडीत जा. जिल्हा रुग्णालयात सोय असते. 'जाऊन या' म्हटलं की माणूस जात नाही, रिक्षात शेजारी बसावं लागतं. वेळ निभत नाही असं वाटलं तर थांबू नका, थेट कॅज्युअल्टीला या नाहीतर १०८ला फोन करा. कागद लावून देणं, येणी-देणी अचानक मिटवणं, या खुणा खऱ्या असतात. ताईंना आत्ताच फोन लावा.

खरं_बोलू_का
@नवीन_सभासद_२१, भावाच्या वेळी मी 'डॉक्टर' हा शब्द काढलाच नव्हता. 'झोपेचं औषध लिहून आणू' म्हणून घेऊन गेलो. झोप येत नाही हे पुरुष कबूल करतात.

नवीन_सभासद_२१
ताईशी बोलले. ती रडली, पण तिलाही कुठेतरी वाटतच होतं म्हणे. भाऊ आज रात्री तिकडे जातोय मुक्कामाला. १४४१६वर मराठीत बोलतात का? मेहुण्यांना हिंदी फारसं जमत नाही.

मांडवीकाठ
हो, सुरुवातीला भाषा विचारतात, मराठी निवडा. ताईंनीही फोन केला तर चालतो, घरच्यांनी काय करायचं तेही सांगतात. लागला नाही तर पुन्हा लावा.

पेन्शनीत_जमादार
@नवीन_सभासद_२१, दुकानाच्या देण्यापायी कुणी घरी येऊन दमदाटी करत असेल तर कळवा. बिनपरवाना सावकारी हा गुन्हा आहे, सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे लेखी तक्रार करता येते. अर्ज कसा लिहायचा ते सांगतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.